खाडीवरचं गाऱ्हाणं

चाळीत सगळे म्हणतात, अप्पांची चूक झाली. चौऱ्याऐंशी वय, भान राहिलं नाही, म्हातारा बोलून गेला. लोकांचं काय जातंय! कुणावर तरी ढकललं की चहा प्यायला मोकळे. चूक माझी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी, आणि मी ती चांगली शुद्धीवर असताना केली.

मी लतिका. माहेर गिरगावातलं, वडील पोस्टात. लग्न होऊन लालबागच्या ह्या चाळीत आले त्याला एकतीस वर्षं झाली. सासरची माणसं मालवणकडची. सासरे गिरणीत होते आणि माझे मिस्टर, रमाकांत, शिवडीला एका गोदामात स्टोअरकीपर. त्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरून हिवाळ्यात खाडीच्या चिखलात लांबवर एक गुलाबी रेघ दिसायची. ते फ्लेमिंगो. सव्वीस वर्षं ह्यांनी जेवणाच्या सुट्टीत डबा खात ती रेघ बघितली आणि एकदाही जवळ गेले नाहीत. म्हणायचे, रिटायर झाल्यावर बघू. आमच्याकडे मेलं सगळंच रिटायर झाल्यावर बघायचं होतं. रिटायर झाले आणि दीड वर्षात डोळे पिवळे पडले.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दादरच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. लिव्हरचा कॅन्सर, तोही पसरलेला. ऑपरेशन करून उपयोग नाही, बाकीच्या औषधांनी नुसते हाल होतील. फार तर सहा-सात महिने. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "त्यांना सांगा. त्यांना काही करायचं राहिलं असेल, कुणाला भेटायचं असेल." मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही माझ्या सासऱ्यांना पाहिलं नाहीत." सासऱ्यांना असंच एका डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. चांगला हिंडता-फिरता माणूस, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला तो उठलाच नाही. अकराव्या दिवशी आटोपलं. सूनबाई म्हणून त्यांच्या तोंडात चमच्यानं पेज घालणारी मी होते. मला ते परत नको होतं.

बाहेर बाकावर हे पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "लिव्हरला सूज आहे. पथ्य पाळायचं, गोळ्या घ्यायच्या. वेळ लागेल." माझा आवाजसुद्धा हलला नाही. माझं मलाच आश्चर्य वाटलं. ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाले, "बरं झालं, कापाकापी नाही." येताना त्यांनी शहाळंही पाजलं मला.

त्यांनी विश्वास का ठेवला? कारण मी सांगितलं म्हणून. चारचौघांत कौतुक करायचे, "आमच्या लतिकाला खोटं बोलता येत नाही. भाजी खारट झाली तर वाढायच्या आधी कबूल करते." फाईल मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवली. त्यांनी एकदाही मागितली नाही. आमची मुलगी श्रेया शीवला असते. ती आली की स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घ्यायची. "आई, तू बाबांना फसवतेयस." मी म्हणायचे, "मी त्यांना जगवतेय. तुला माझी शपथ आहे, एक अक्षर बोललीस तर." शेवटी पोरीनं रडत रडत मान हलवली.

आता वसंताचं सांगते. वसंत म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, गावचं घर तोच बघतो. अकरा वर्षांपूर्वी सासूबाई गावी वारल्या. आम्ही रात्रीच निघालो, पण घाटात ट्रक उलटला होता. पोहोचायला चार तास उशीर झाला. तोवर वसंतानं सगळं उरकून टाकलं होतं. पावसाचे दिवस, लाकडं भिजत होती, माणसं खोळंबली होती, त्याचीही बाजू होती. पण ह्यांच्या डोक्यात एकच बसलं, ह्यानं मला आईचं तोंड बघू दिलं नाही. त्या दिवसापासून अबोला. अकरा गणपती आम्ही इथेच केले.

आणि ह्या वर्षी, नेमका ह्याच वर्षी, गणपतीच्या चार दिवस आधी वसंताचा फोन आला. आपण होऊन. "दादा, ये रे घरी. झाला गेला सोड." हे म्हणाले, "फुडच्या वर्सा येतंय. आता बरा नाय माका." फोन ठेवून माझ्याकडे बघून हसले. "हा पिवळा चेहरा घेऊन जाऊ त्याच्या दारात? म्हणेल, आजारी पडला तेव्हा भाऊ आठवला. ठणठणीत होऊन जाईन पुढच्या गणपतीला. ऐटीत."

मी ओट्याशी उभी होते. करंज्यांचं सारण हलवत होते. तोंडाशी आलं होतं, अहो, आत्ताच जा. उद्याच्या गाडीनं जाऊ. पण एवढा आग्रह केला असता तर ह्यांना संशय आला असता. मी म्हटलं, "हो, पुढच्या वर्षी जाऊ." आणि सारण हलवत राहिले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. माणूस अर्धा झाला. पोटात दुखायला लागलं, आणि मी आणखी खोटं बोलायला लागले. गोळ्यांची पावर वाढवलीय, त्याचं दुखतंय. एका दुपारी मात्र मला सहन होईना. कोपऱ्यातल्या खोलीत अप्पा राहतात, तिथे गेले. अप्पा म्हणजे चाळीचे गाऱ्हाणेवाले. गाऱ्हाणं म्हणजे काय ते गिरगावात मला माहीत नव्हतं. आमच्याकडे आरती झाली, प्रसाद वाटला, संपलं. इथे गणपती असो, शिमगा असो, कुणाच्या घरचं कार्य असो, अप्पा नारळ हातात घेऊन उभे राहतात आणि खणखणीत आवाजात सगळ्यांची सुखदुःखं देवाच्या कानावर घालतात. एकेक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" लग्न होऊन आले तेव्हा मला फार हसू यायचं. मग माझीही जीभ वळली.

मी अप्पांच्या पायाशी बसले आणि दुखण्याचं सगळं सांगितलं. म्हटलं, "अप्पा, तुमच्या देवाला माझ्यासाठी एक शब्द सांगा." अप्पांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "सांगतंय, बाये. सांगतंय." मला वाटलं, संध्याकाळी आपल्या देवघरात दिवा लावताना सांगतील. ह्यांना हे माहीत नाही, एवढं वाक्य मी बोललेच नाही. कुजबुजीतून अख्ख्या चाळीला कळलं होतं, ह्यांच्यासमोर सगळे गप्प होते, मी धरून चालले की म्हाताऱ्यालाही कळेल.

फेब्रुवारीत चाळीची सहल ठरली. दरवर्षी कुठेतरी जातात, महड म्हणा, टिटवाळा म्हणा. ह्या वेळी आमच्या शेजारच्या दीपकनं मुद्दाम ऐरोलीची खाडी काढली. "काकी, तिथे बोट असते, सीधा फ्लेमिंगोंच्या पुढ्यात नेते. काकांना घेऊन या. चढायला दोनच पायऱ्या आहेत, आम्ही धरू ना!" हे ऐकून ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आदल्या दिवशी स्वतः दाढी केली, दोनदा बसून. शर्ट खांद्यावरून उतरत होता, मी आतून पिन लावली.

मिनीबसमध्ये बावीस माणसं. श्रेयाही आली होती. ह्यांना खिडकी दिली. रस्ताभर गाणी, बटाटेवडे, कुणाची तरी उलटी, सगळं रीतसर झालं. हे वडा खाऊ शकत नव्हते, नुसता हातात धरून वास घेत होते. दीपकला सांगत होते, "त्या रेघेत पक्षी किती असतील ह्यावर आम्ही गोदामात पैजा लावायचो. आज मोजतोच."

जेट्टीवर सगळ्यांना लाइफ जॅकेटं घातली. तिथली गाइड पोरगी चुणचुणीत होती. तिनं बजावलं, "बोट निघाली की कोणीही बोलायचं नाही. मोबाईल बंद. आवाज झाला की पक्षी उडतात, त्यांचं खाणं राहतं. एक तास, प्लीज." आम्ही हो म्हटलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पाण्यात जातोय, अप्पा, निघायच्या आधी एक गाऱ्हाणं होऊन जाऊ दे!" अप्पांनी पिशवीतून नारळ काढला. ते नारळाशिवाय घराबाहेर पडतच नाहीत. केशरी जॅकेटातला तो म्हातारा खाडीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! तुझी ही लालबागची लेकरां आज खाडीत उतरतत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. गाइड दचकून हसली.

"जशी जातत तशी सुखरूप परत येवंदेत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दीपकाच्या झिलाक बारावीत यश दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत जोरात ओरडले. खोकला आला, मी पाठीवरून हात फिरवला.

"आणि ह्यो तुझो रमाकांत, म्हाराजा! कॅन्सरान पोखरलो हा त्येका. डॉक्टरांनी हात टेकले, शिमग्याच्या फुडे नाय म्हणतत. त्येच्या बायलेन पदर पसरलो हा. येकतर डॉक्टराक खोटो पाड, नायतर हाल करू नको, अलगद आपल्या पायाकडे घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. शप्पथ सांगते, मीही म्हटलं. एकतीस वर्षांची सवय, सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. ओरडून झाल्यावर मला ऐकू आलं, आपण कशाला हो म्हटलं ते. आणि माझा हात अजून ह्यांच्या पाठीवर होता. त्या पाठीतलं काहीतरी माझ्या हाताखाली थांबलं.

अप्पांनी पुढचं वाक्य उचललं, कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाचं, आणि कुणीच व्हय म्हाराजा म्हटलं नाही. तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. गाइडला काय कळणार बिचारीला? ती म्हणाली, "चला, ओहोटी लागलीय, उशीर नको. आणि आता एकदम शांत."

माझ्या मनात आलं, घरी जाऊ. रिक्षा करू, ह्यांना घेऊन निघू. पण हे आपणहून चालायला लागले. दोन पायऱ्या दीपकचा हात न धरता उतरले आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसले. बोट निघाली.

तो एक तास मी कुणा वैऱ्यालाही देणार नाही. बोलायची बंदी! बावीस माणसं तोंड मिटून बसलेली, श्रेया मागे तोंडावर ओढणी दाबून. दोन्ही बाजूला तिवरांची झाडी, मग तिवरं सरली आणि ते दिसले. एवढाले थवे. माना खाली घालून चिखलात चरत होते, हजारोंनी, इतक्या जवळ की चोचीचा काळा ठिपका दिसत होता. सव्वीस वर्षं ज्यांची नुसती रेघ बघितली ते समोर होते. मी त्यांच्याकडे बघितलं असेल-नसेल. मी ह्यांचा हात बघत होते. तो गुडघ्यावर होता आणि अंगठा एकेका बोटाच्या पेरावरून सरकत होता. मला आधी वाटलं, पक्षी मोजताहेत. मग कळलं, महिने मोजत होते. सहाव्या पेरावर अंगठा थांबला, मागे गेला, परत पहिल्यापासून निघाला. मी त्या हातावर हात ठेवला. त्यांनी झिडकारला नाही. नुसता सावकाश काढून घेतला आणि जॅकेटच्या पट्ट्याशी नेला.

बोट लागली तशी सगळी मंडळी घाईघाईनं चहाच्या टपरीकडे गेली. आम्हा दोघांना जेट्टीवरच्या बाकावर एकटं सोडलं. हे खाडीकडे बघतच म्हणाले,

"कधी कळलं तुला?"

"नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे गणपतीच्या आधी."

"हो."

"वसंताचा फोन आला तेव्हा तुला माहीत होतं."

"अहो, मला वाटलं, तुमच्या बाबांसारखं तुम्ही…"

"माहीत होतं की नाही?"

"होतं."

त्यांनी मान हलवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांचा राग मला पाठ होता, भांडं आपटायचे, दहा मिनिटांत विसरायचे. पण आवाज चढला नाही.

"मी पुढच्या वर्षी येतो म्हणालो, आणि तू मागे उभी राहून सारण हलवत होतीस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लतिका, तेव्हा मला चालता येत होतं गं."

मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा सोडवला.

बसमध्ये मी अप्पांवर तुटून पडले. कुणावर तरी पडायलाच हवं होतं. म्हटलं, "अप्पा, तुमच्या जिभेला हाड नाही का हो? सगळ्यांसमोर!" म्हातारा म्हणाला, "अगे बाये, देवाक सांग म्हणालंस, मी सांगलंय. गाऱ्हाण्यात लपवून कसा सांगतत? तू घोवाक सांगूक नव्हतंस, ह्या माका काय म्हायत?" आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मग मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

घरी आल्यावर ह्यांनी चपला काढायच्या आधी वसंताला फोन लावला. मी ऐकलं नाही, बाहेर गॅलरीत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी वसंत दारात. केसांची पार चांदी झालेली. दोघं भाऊ खाटेवर बसले आणि कितीतरी वेळ एकमेकांच्या पंजांकडे बघत राहिले, कारण दोघांचे पंजे सासऱ्यांसारखे होते. ह्यांना गावी जायचं होतं. घराच्या पायरीवर एकदा बसायचं, बस, एवढंच. वसंत गाडी ठरवून आला होता, मागे गादी घालून. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. तरी हे हट्टानं उठले, दोघांनी धरून जिन्यापर्यंत नेलं. चौथ्या पायरीवर ह्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. वसंतानं त्यांना लहान पोरासारखं उचलून परत आणलं.

त्या दिवशी मोरीत हात धुताना वसंत मला एवढंच म्हणाला, "वयनी, गणपतीत तुम्ही माका येक फोन करूक होयो होतो. मीच येवन न्हेतलंय असतंय त्येका." रागानं नाही. मी टॉवेल पुढे केला.

आणि माझ्याशी हे कसे वागले म्हणाल, तर चांगले वागले. फार चांगले. फाईल मागून घेतली आणि उशाशी ठेवली. डॉक्टरांना काय विचारायचं ते श्रेयाकडून विचारून घेत, मला खोलीत थांबू देत, पण माझ्याकडे बघून खात्री करून घेत नसत. आणि मला थँक्यू म्हणायला लागले. पाणी दिलं, थँक्यू. उशी सारखी केली, थँक्यू. एकतीस वर्षांत ह्या माणसानं मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. पाणी कोमट का आणलंस, उशी इतकी उंच का केलीस, डोळे फुटले का तुझे, असं बोलायचे. बँकेतल्या बाईला म्हणतात तसं मला थँक्यू म्हणायचे. एकदा मी पाया पडले. म्हटलं, "मला शिव्या द्या, मारा, पण असं बोलू नका हो." ते दमले होते. म्हणाले, "तू खूप करतेयस माझं. थँक्यू."

पाडव्याला चार दिवस होते. सकाळी नऊ वाजता श्वास बदलला. वसंत पायांशी, श्रेया उशाशी. मी चमच्यानं पाणी घातलं, अर्धं ओघळलं. ओठ हलले. श्रेया म्हणाली, "आई, बाबा काहीतरी म्हणताहेत. कान लाव, कान लाव."

मी वाकून कान लावला. थँक्यू म्हणाले.

त्यानंतर दहाएक मिनिटांनी गेले. श्रेयानं माझा दंड घट्ट धरला होता. "काय म्हणाले बाबा? आई, शेवटी काय म्हणाले?"

मी म्हटलं, "तुझं नाव घेतलं गं."